उंदीर, फ्रीजर आणि जुन्या नोंदी: हंताव्हायरस सापडायला २५ वर्षं का लागली?

मे १९९३मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं अचानक श्वास कोंडून मरू लागली. यामागचा विषाणू कोणत्या घराण्यातला आहे हे कळायला पुरता महिनाही लागला नाही. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका विषाणूने १९५१मध्ये कोरियात सैनिकांना आडवं करायला सुरुवात केली होती. तो सापडला १९७६मध्ये. म्हणजे तब्बल २५ वर्षांनी.

हा फरक कशामुळे पडला? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे तंत्रज्ञान. १९९३मध्ये पीसीआर होतं, १९५१मध्ये नव्हतं. हे खरंच आहे, पण उत्तर इथे संपत नाही. ज्यांना संशोधनाकडे वळायचं आहे त्यांनी हा इतिहास जरा सावकाश वाचावा असं मला वाटतं, कारण यात यंत्रांइतकाच वाटा जपून ठेवलेल्या नमुन्यांचा आणि नोंदींचा आहे.

कोरिया: आजार दिसतो, कारण दिसत नाही

कोरियन युद्धात ३८व्या अक्षांशाजवळच्या आघाडीवर संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले सैनिक एका विचित्र तापाने आजारी पडू लागले. जोराचा ताप, पाठ-पोटदुखी, अंगावर रक्ताचे बारीक ठिपके, रक्तदाब कोसळणं आणि मग मूत्रपिंडं बंद पडणं. युद्ध संपेपर्यंत तीन हजारांहून अधिक सैनिकांना हा आजार झाला. मंचुरियात जपानी आणि अतिपूर्वेत सोव्हिएत डॉक्टरांनी असाच आजार आधी पाहिला होता. स्वीडनमध्ये १९३४ सालीच त्याच्या सौम्य भावंडाचं वर्णन छापून आलं होतं. पण हे सगळे एकाच घराण्यातले आजार आहेत हे ठरवायला हातात काहीच नव्हतं. प्रत्येक देशात नाव वेगळं.

उंदरांवर संशय होता, त्यांच्या अंगावरच्या किड्यांवरही होता. पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. रुग्णाचं रक्त नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचलं, पेशींच्या कल्चरमध्ये घातलं, तरी काही वाढेना. विषाणू दिसत नाही म्हणून चाचणी नाही आणि चाचणी नाही म्हणून विषाणू दिसत नाही, असं ते दुष्टचक्र होतं.

ते तोडलं दक्षिण कोरियाच्या हो वांग ली यांनी. त्यांनी प्रश्न उलटा केला. विषाणू वाढवून बघण्याऐवजी, बरे झालेल्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं कशाला चिकटतात ते बघायचं. माणूस बरा झाला म्हणजे त्याच्या शरीराने शत्रू ओळखलेला आहे. आपल्याला नसेल ओळखता आला, तरी. आघाडीजवळच्या भागात पकडलेल्या काळ्या पट्ट्याच्या शेतउंदरांच्या अवयवांचे पातळ काप घेतले. त्यावर बऱ्या झालेल्या रुग्णांचं सीरम टाकलं, आणि प्रतिपिंडं चिकटलीच तर सूक्ष्मदर्शकाखाली चमकतील असा रंग लावला. १९७६मध्ये उंदरांच्या फुप्फुसांचे काप चमकले.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, माणसात हा आजार मूत्रपिंडाचा, पण उंदरात खूण मिळाली फुप्फुसात. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही; तो विषाणू बाळगतो आणि मूत्र, लेंड्या, लाळ यांतून बाहेर टाकत राहतो. दुसरी, नुसतं चमकणं पुरेसं नव्हतं. आजाराच्या सुरुवातीचं सीरम आणि काही दिवसांनंतरचं सीरम यांची जोडी तपासली, तेव्हा त्याच माणसात प्रतिपिंडं वाढताना दिसली. एकाच रुग्णाचं दोन वेगळ्या तारखांना घेतलेलं रक्त कुणीतरी नीट लेबल लावून जपलं होतं, म्हणून हा पुरावा उभा राहिला. हे काम फुकट झालं नाही. लींच्या तुकडीतले काही सहकारी स्वतः या तापाने आजारी पडले.

विषाणूला तिथल्या हंतान नदीचं नाव मिळालं. आणि एकदा चाचणी हातात आल्यावर सोव्हिएत संघ, चीन, जपान, स्कँडिनेव्हिया इथल्या रुग्णांचं सीरमही तिला प्रतिसाद देऊ लागलं. वेगवेगळ्या नावांचे आजार एका घराण्यात आले. पुढे लींनाच सोल शहरातल्या घुशीसारख्या मोठ्या उंदरांमध्ये या घराण्यातला आणखी एक विषाणू सापडला. म्हणजे प्रश्न फक्त शेताचा आणि आघाडीचा राहिला नाही. जपानमध्ये तर प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांपासून शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना लागण झाली होती. प्राण्यांवर काम करायची ज्यांची इच्छा आहे त्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

वेल्लोर: नमुना होता, प्रश्न नव्हता

आता आपल्या देशाकडे येऊ. १९६४मध्ये, म्हणजे लींच्या शोधाच्या १२ वर्षं आधी, तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा काढण्यात आला. वेल्लोरच्या ज्या भागात ती चिचुंद्री सापडली त्यावरून त्याला थोट्टपालयम हे नाव दिलं गेलं. त्या काळात तिथले संशोधक डास-गोचिडांमधून पसरणाऱ्या विषाणूंच्या मागावर होते. त्यामुळे १९७१च्या त्यांच्या निबंधात हाही बहुधा तशातलाच असावा असं नोंदवलं गेलं.

तो तशातला नव्हता. १९८०च्या दशकात, हंतान हाताशी आल्यावर तुलना झाली, तेव्हा कळलं की थोट्टपालयम हा हंता घराण्यातला आहे. म्हणजे प्रयोगशाळेत वेगळा काढलेला पहिला हंताव्हायरस भारतातला होता, फक्त तो तसा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

यावर ‘आपली संधी हुकली’ असं म्हणून हळहळणं सोपं आहे. मला ते बरोबर वाटत नाही. तुलना करायला दुसरा विषाणूच नव्हता, तर नातं कुठून दिसणार? त्या लोकांनी जे करायचं ते केलं: विषाणू जपला, कोणत्या प्राण्यातून, कुठून आणि कधी घेतला ते लिहून ठेवलं. आपण बोलताना चिचुंद्रीलाही उंदरातच धरतो, पण ती उंदरांच्या गणात मोडत नाही. लेबलवर नुसतं ‘उंदीर’ लिहिलं असतं, तर हंता घराणं फक्त उंदरांपुरतं नाही हा मोठा धागा तिथेच तुटला असता.

फोर कॉर्नर्स: तीन वह्या एकत्र येतात

आता १९९३. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे मिळतात त्या भागाला फोर कॉर्नर्स म्हणतात. नावाहो या मूळ रहिवाशांची मोठी वस्ती तिथे आहे. एक तरुण नावाहो धावपटू श्वास कोंडून दगावला. त्याच्या वाग्दत्त वधूचा मृत्यू काही दिवसांपूर्वीच झाला होता. असे मृत्यू आणखीही आहेत, हे गॅलप इथले डॉक्टर ब्रूस टेंपेस्ट यांनी इतर डॉक्टरांना फोन करकरून जुळवलं.

नमुने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात, म्हणजे सीडीसीत गेले. रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं हंता घराण्यातल्या माहीत असलेल्या विषाणूंना प्रतिसाद देत होती. लींनी वापरलेलीच कल्पना, फक्त उलट दिशेने: आता विषाणू ओळखीचे होते आणि रुग्ण नवे. मग पीसीआर. पण पीसीआर हवेतून काही शोधत नाही. त्याला आधी माहीत असलेल्या नातेवाइकांच्या जनुकांचा क्रम लागतो. तो आशिया-युरोपातल्या विषाणूंवरच्या कामातून तयार होता. विषाणू बाळगणारा प्राणीही लवकरच सापडला: डिअर माउस, मोठ्या डोळ्यांचा, पांढऱ्या पोटाचा, दिसायला गोजिरवाणा उंदीर.

तरी एक प्रश्न उरला. हे आत्ताच का झालं? इथे तीन वेगळ्या ‘वह्या’ कामी आल्या.

पहिली वही पर्यावरण अभ्यासकांची. न्यू मेक्सिकोतल्या सेव्हिलेटा अभयारण्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून उंदरांची नियमित मोजणी चालू होती. तिचा आजाराशी काही संबंध नव्हता. त्या नोंदींच्या आधारे रॉबर्ट पार्मेंटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, एल निन्योमुळे भरपूर पाऊस-बर्फ पडला, झाडोरा आणि बिया वाढल्या आणि मागोमाग उंदीर वाढले. मे १९९२च्या तुलनेत मे १९९३मध्ये ते सुमारे दहापट झाले होते.

दुसरी वही संग्रहालयाची आणि रुग्णालयांची. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या जीवशास्त्र संग्रहालयात उंदरांच्या ऊतींचे गोठवलेले जुने नमुने होते. ते तपासल्यावर विषाणू १९९३च्या आधीपासून उंदरांत असल्याचं दिसलं. कारण न कळता दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांचे साठवलेले तुकडेही तपासले गेले. त्यांत १९५९मध्ये मरण पावलेल्या युटातल्या एका ३८ वर्षांच्या माणसाचं निदान पक्कं झालं. म्हणजे रोग नवा नव्हता, त्याची ओळख नवी होती.

तिसरी वही कागदावर नव्हतीच. नावाहो वंशाचे डॉक्टर बेन म्युनेटा आपल्या समाजातल्या वृद्ध जाणकारांकडे गेले. त्यांनी सांगितलं की, पिन्यॉनच्या बिया भरभरून येतात तेव्हा उंदीर वाढतात आणि असा आजार येतो. १९१८ आणि १९३३मध्येही आला होता. उंदराला घरात येऊ द्यायचं नाही, त्याने स्पर्श केलेले कपडे वापरायचे नाहीत, ही शिकवण त्यांच्यात पूर्वीपासूनच होती.

याच समाजाच्या नावाने वर्तमानपत्रांनी मात्र ‘नावाहो फ्लू’ असा मथळा चालवला. ज्यांच्याकडे उत्तराचा एक भाग होता त्यांच्यावरच रोगाचा शिक्का बसला. पुढे विषाणूला तिथल्या एका दरीचं नाव सुचवलं गेलं, त्यालाही नावाहोंनी हरकत घेतली. शेवटी नाव पडलं सिन नोंब्रे. स्पॅनिशमध्ये अर्थ ‘बिननावाचा’. माणसांवर संशोधन करणाऱ्याने नाव देतानाही जपून राहावं, याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रतिबंध या इतिहासातूनच येतो

या अमेरिकन आजारात तीनातला एकाहून जास्त रुग्ण दगावतो. १९९३ ते २०२२ या काळात अमेरिकेत ८६४ रुग्ण नोंदले गेले. म्हणजे आजार दुर्मीळ, पण झाला तर फार वाईट. खास औषध नाही. अतिदक्षता विभागात श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळणं हाच उपचार. म्हणून सगळा भर टाळण्यावर.

विषाणू सुकलेल्या लेंड्या-मूत्राच्या धुळीतून श्वासात जातो, एवढं लक्षात ठेवलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. बंद पडलेली खोली, कोठार, माळा उघडला तर आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. सरळ झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर हातात घ्यायचा नाही, कारण त्याने धूळ उडते. हातमोजे घालून घाणीवर ब्लीच मिसळलेलं पाणी शिंपडायचं (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी), पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदाने पुसून पिशवीत बांधून टाकायचं. भिंतीतली भोकं बुजवायची आणि धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं.

भोकं बुजवणं किरकोळ वाटतं? २०१२मध्ये कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी उद्यानात दहा पर्यटकांना लागण झाली, त्यांतले तिघे दगावले. बहुतेकजण थंडी अडवायला दुहेरी भिंती केलेल्या तंबूंमध्ये राहिले होते. त्या दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत उंदरांनी घरटी केली होती.

एक अपवादही सांगायला हवा. दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू माणसाकडून माणसाकडे जाऊ शकतो. अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात २०१८-१९मध्ये अशाच साखळीतून ३४ जणांना लागण झाली आणि ११ जण दगावले. तिथे रुग्णांना वेगळं ठेवणं महत्त्वाचं ठरलं.

मग आपल्याकडे काय?

वेल्लोरच्याच संशोधकांनी पुढे, २०००नंतरच्या दशकात, निदान न झालेल्या तापाचे रुग्ण, गोदामातले कामगार आणि उंदीर पकडण्याचं काम परंपरेने करणारे इरुळा लोक यांचं रक्त तपासलं. काहींमध्ये हंता घराण्याला प्रतिसाद देणारी प्रतिपिंडं आढळली. याचा अर्थ साथ आहे असा नाही. प्रतिपिंडं म्हणजे पूर्वी कधीतरी संपर्क आल्याची खूण. आणि या घराण्यातली प्रतिपिंडं एकमेकांच्या विषाणूंना चिकटतात, त्यामुळे नेमका कोणता विषाणू हे त्यावरून ठरत नाही. पण प्रश्न विचारण्याइतका आधार नक्की आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात ताप आणि मूत्रपिंडाचा त्रास एकत्र दिसला की पहिला संशय लेप्टोवर जातो. तो बरोबरच आहे, कारण लेप्टो खूप जास्त आढळतो आणि त्यावर प्रतिजैविकं आहेत. पण लेप्टोही नाही आणि डेंग्यूही नाही असं ठरलेल्या रुग्णांच्या सीरमचं पुढे काय होतं? ते टाकून दिलं जातं, की तारीख, गाव, व्यवसाय आणि लक्षणं लिहून गोठवून ठेवलं जातं?

तुमच्यापैकी कुणी उद्या अशा प्रयोगशाळेत बसलं, तर ‘निगेटिव्ह’ लिहिलेल्या कुपीवर या चार गोष्टीही लिहा. रुग्णाची परवानगी घेताना पुढच्या अभ्यासासाठी साठवण्याचा मुद्दाही संमतिपत्रात घाला. त्या कुपीचा उपयोग कदाचित तुमच्या प्रबंधाला होणार नाही. वेल्लोरच्या त्या चिचुंद्रीचाही १९७१च्या निबंधापर्यंत फारसा झाला नव्हता.