सेसिलमधील कारकून व हॉटेल कंपनीचे भाग

पैसा सोन्यांत घालावा, पेढीवर ठेवावा, कीं परक्याच्या उद्योगांत गुंतवावा, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेलेला आहे. त्यांतहि हॉटेलाच्या कंपनींत पैसा घालणें म्हणजे वाटसरूच्या पायांवर भरंवसा ठेवणें, अशी जुन्या लोकांची समजूत असे. ही समजूत अगदींच निराधार होती असें नाहीं. परंतु हिंदुस्थानच्या हॉटेल-व्यवसायाच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, ज्यांत या गुंतवणुकीचा लाभ आणि धोका दोन्ही एकाच ठिकाणीं पाहावयास सांपडतात.

प्रथम या धंद्याचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. वाण्याच्या दुकानांतील गूळ आज खपला नाहीं, तर उद्यां खपतो. हॉटेलांतील खोली आज रात्रीं रिकामी राहिली, तर त्या रात्रीचें भाडें कायमचें बुडालें. इमारत, सामानसुमान व नोकरचाकर यांचा खर्च मात्र, पाहुणे येवोत वा न येवोत, चालूच राहतो. हा खर्च एकदां भरून निघाला, म्हणजे पुढें येणाऱ्या पाहुण्याच्या पैशांतील मोठा हिस्सा नफा ठरतो. तो भरून निघाला नाहीं, तर प्रत्येक दिवस तोट्याचा जातो. म्हणूनच बरकतीच्या दिवसांत हॉटेल कंपनीचा भाग झपाट्यानें चढतो, आणि मंदी, रोगराई वा युद्ध यांच्या दिवसांत तितक्याच झपाट्यानें उतरतो. सावकाराला ठरलेलें व्याज मिळतें. भागीदाराला सर्वांचें देणें भागून कांहीं उरलें तर मिळतें. मात्र भागीदाराच्या हातीं एक वस्तु अशी असते, कीं जी सावकाराच्या हातीं नसते. ती म्हणजे कंपनीच्या कारभारांतील मत.

या मताची किंमत ज्यांनीं ओळखली, त्यांपैकीं मोहनसिंग ओबेरॉय हे एक होत. त्यांचा जन्म १८९८ सालीं पंजाबांतील भौन या खेड्यांत झाला. ते अवघे कांहीं महिन्यांचे असतांनाच पितृछत्र हरपलें. १९२२ सालीं पोटासाठीं ते सिमल्यास आले व तेथील प्रख्यात सेसिल हॉटेलांत दरमहा पन्नास रुपयांवर कारकून म्हणून राहिले. उन्हाळ्यांत सिमला ही सरकारची राजधानी असे. त्यामुळें पाहुण्यांची उतरंड, खर्चाच्या वह्या आणि हंगाम संपल्यावर ओस पडणाऱ्या खोल्या, हें सर्व त्यांना जवळून पाहावयास मिळालें.

पुढें क्लार्क या इंग्रज गृहस्थांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें, आणि १९३४ सालीं सिमल्यांतील त्यांचेंच क्लार्क्स हॉटेल विकत घेतलें. त्यासाठीं जवळची सर्व मिळकत आणि पत्नीचे दागिने गहाण पडले. स्त्रीधन हा हिंदु संसाराचा शेवटचा आधार. तो जगभर मंदी असतांना हॉटेलासारख्या धंद्यासाठीं सावकाराच्या पेटींत जावा, ही गोष्ट त्या घरास किती जड गेली असेल, याची कल्पना प्रत्येक गृहिणीस करतां येईल. १९३८ सालीं त्यांनीं कलकत्त्याचें पांचशें खोल्यांचें ग्रँड हॉटेल भाडेपट्ट्यानें चालविण्यास घेतलें. साथीच्या रोगानें त्या हॉटेलाची दुर्दशा झाली होती, व तेथें उतरण्यास लोक भीत असत. परंतु लौकरच दुसरें महायुद्ध सुरू झालें, कलकत्ता लष्करी हालचालींनीं गजबजून गेलें, आणि ज्या खोल्यांना गिऱ्हाईक नव्हतें त्यांना मागणी आली.

याहून महत्त्वाची घटना १९४३ सालची. असोशिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया या कंपनीच्या ताब्यांत सिमल्याचीं सेसिल व कॉर्स्टॉर्फन्स, दिल्लीचीं मेडन्स व इंपीरियल, आणि लाहोर, मरी, रावळपिंडी व पेशावर येथील एकेक, अशीं आठ हॉटेलें होतीं. ओबेरॉय यांनीं या कंपनीचे भाग विकत घेऊन तिच्यावर ताबा मिळविला. येथें एकेका इमारतीचें खरेदीखत करावें लागलें नाहीं. मताधिकार देणारे पुरेसे कागद एका हातीं आले, आणि आठहि हॉटेलें त्या हाताखालीं आलीं. ज्या सेसिलमध्यें ते एकवीस वर्षांपूर्वीं कारकून होते, तें सेसिलहि त्यांतच होतें.

मात्र भाग म्हणजे केवळ लाभ नव्हे. चारच वर्षांनीं देशाची फाळणी झाली, आणि लाहोर, मरी, रावळपिंडी व पेशावर हीं चारहि ठिकाणें पाकिस्तानांत गेलीं. कंपनीच्या निम्म्या हॉटेलांच्या दारापुढें सरहद्द येऊन उभी राहील, हें १९४३ सालीं कोणत्याहि ताळेबंदांत लिहिलेलें नव्हतें.

१९४९ सालीं ओबेरॉय यांनीं ईस्ट इंडिया हॉटेल्स ही नवी कंपनी स्थापिली. १९७३ सालीं मुंबईंत नरीमन पॉइंट येथें ओबेरॉय-शेरेटन उभें राहिलें. ही जमीन बॅकबेच्या भरणीची. याच बॅकबेच्या नांवानें निघालेल्या कंपनीचे भाग १८६५ च्या सट्ट्यांत कोसळून मुंबईंतील अनेक घरें धुळीस मिळालीं होतीं. ज्या नांवानें लोकांचे पैसे बुडाले, त्याच नांवाच्या भरणीवर पुढें पक्की इमारत उठली. परंतु बुडालेल्यांस त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. २००८ च्या नोव्हेंबरांत तेथील ओबेरॉय व ट्रायडेंट या हॉटेलांवर दहशतवाद्यांनीं हल्ला केला. ट्रायडेंट त्याच वर्षाच्या डिसेंबरांत उघडलें. ओबेरॉय उघडावयास २०१० चा एप्रिल उजाडला.

मोहनसिंग २००२ सालीं, वयाच्या एकशेंतीनव्या वर्षीं वारले. त्यांनीं दुसऱ्याची कंपनी ज्या दारानें घेतली, तें दार त्यांच्या पश्चात्‌ त्यांच्याच घराकडे उघडें राहिलें. आय. टी. सी. या कंपनीनें ईस्ट इंडिया हॉटेल्सचे भाग हळूहळू जमवीत शेंकडा १४·९८ पर्यंत मजल नेली. शेंकडा १५ होतांच इतर भागीदारांपुढें जाहीर खरेदीचा प्रस्ताव ठेवणें तेव्हांच्या नियमानें बंधनकारक होतें. या शेजाऱ्याचा धाक वाटून ओबेरॉय कुटुंबानें ऑगस्ट २०१० मध्यें शेंकडा १४·१२ भाग १,०२१ कोटी रुपयांस रिलायन्स समूहास विकले, म्हणजे एका बलाढ्याविरुद्ध दुसऱ्या बलाढ्यास घरांत घेतलें. कंपनीचा कारभार कुटुंबाकडेच राहिला.

या इतिहासाचें तात्पर्य सरळ आहे. ओबेरॉय यांनीं दागिने गहाण टाकले, तेव्हां त्यांनीं त्या धंद्यांत बारा वर्षें घालविलीं होतीं. खोली केव्हां भरते आणि केव्हां रिकामी राहते, हें त्यांना ठाऊक होतें. केवळ त्यांचें यश ऐकून जो आपल्या घरचे दागिने काढील, त्याच्यापाशीं तीं बारा वर्षें नसतात. २०२० सालीं महामारीमुळें देशभर हॉटेलें ओस पडलीं, तेव्हां ज्यांनीं शिलकींतील पैसा गुंतविला होता ते थांबूं शकले. कर्ज काढून भाग घेणारांस थांबण्याची सवड नसते. हॉटेल कंपनीचा भाग घेणारानें म्हणून प्रथम एवढेंच विचारावें: खोल्या दोन वर्षें रिकाम्या राहिल्या, तर आपल्या घरांतील चूल पेटेल काय? उत्तर होकारार्थीं असेल, तरच पुढचा हिशेब मांडावा.