पावती मागण्याचा हक्क

बारामतीच्या न्यायालयात वकिली करताना अलीकडे मला एक वेगळंच अशील भेटू लागलं आहे. त्याच्यावर दावा नसतो, त्यालाही कुणावर लावायचा नसतो. टेम्पोचं, ट्रॅक्टरचं नाहीतर क्रेडिट कार्डचं कर्ज थकलं, वसुलीवाले दारात आले, शेवटी तडजोड झाली आणि पैसे भरले. आता मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं, तर बँक म्हणते, सिबिल खराब आहे. ‘साहेब, फेडून टाकलं की हो सगळं,’ असं तो पुन्हा पुन्हा सांगतो.

त्याला मी सुप्याची हकिकत सांगतो. सुपे आमच्याच तालुक्यात आहे, आणि आज हा माणूस मागतो आहे तेच तिथल्या कुणब्यांनी दीडशे वर्षांपूर्वी मागितलं होतं: फेडलेल्या कर्जाची लेखी, खरी नोंद.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून उसनवार देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. काही ठिकाणी वाढ पन्नास ते शंभर टक्के होती. सारा भरायला पैसा नाही आणि सावकार नवं कर्ज द्यायला तयार नाही, अशा कात्रीत कुणबी सापडला.

त्यातच १८५९ चा मुदतीचा कायदा होता. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, असं त्यात ठरवलं होतं. व्याज फुगत जाऊ नये हा हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार जुनं मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घेई आणि त्या साऱ्या रकमेवर पुन्हा व्याज लावी. कुणब्याला वाचता येत नसे, तो अंगठा उठवी. मधे दिलेल्या पैशांची पावती मिळत नसे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये ही दामदुपटीची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक होती. पण पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाला शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण सापडलं. १८७३ चा एक करारही आयोगापुढे आला. त्यात कुणब्याने आपल्या गाड्या आणि बैल कर्जापोटी सावकाराला विकले होते आणि तेच बैल, त्याच गाड्या महिन्याच्या भाड्याने परत घेतल्या होत्या. टेम्पोच्या हप्त्यांची प्रकरणं हाताळताना मला तो करार हटकून आठवतो.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात जमलेले लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, काही घरं पेटवली गेली, हे नाकारता येत नाही. पण जमावाचा रोख होता तो खतांवर, वह्यांवर आणि हुकूमनाम्यांवर. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं, तेव्हाही सावकाराने खतं मुकाट्याने हवाली केली तिथे सहसा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. माझ्या लेखी हीच या दंग्यांची मुख्य गोष्ट आहे. घेतलेलं कर्ज बुडवायला ही माणसं उठली नव्हती. फेडलेलं कर्ज न फेडल्यासारखं दाखवणारा कागद त्यांना नष्ट करायचा होता.

आयोग बसला, अहवाल झाला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. खतावरचा आकडा प्रमाण न धरता व्यवहाराचा मुळापासूनचा हिशेब न्यायालयाने तपासायचा, ही त्यातली मोठी तरतूद. कर्जापायी कैद बंद झाली. पण मला सगळ्यांत मोलाची वाटतात ती त्यातली साधी कलमं: पैसे घेतले की सावकाराने पावती द्यायची, ऋणकोने मागितल्यावर हिशेबाचा उतारा द्यायचा, पासबुक द्यायचं. या कायद्याने दख्खनचं दारिद्र्य हटलं नाही. तरी देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही हिशेबावर हक्क आहे, ही गोष्ट कायद्यात लिहिली गेली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने तीच वाट पुढे नेली.

आज कर्जाच्या अशा वह्या पतमाहिती कंपन्या ठेवतात. त्यांतलं सिबिल स्थापन झालं २००० साली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. तीनशे ते नऊशे या आकड्यांत माणसाची पत मोजली जाते. या वह्या जाळता येत नाहीत, आणि जाळायची गरजही नाही. त्या दुरुस्त करून घेता येतात. फक्त कुठली नोंद चुकीची आणि कुठली खरी, हे आधी पाहावं लागतं.

पूर्ण रक्कम भरूनही थकबाकी दिसत असेल, तर ती चूक आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही मागवावेत, कारण चुका सगळीकडे सारख्या नसतात. बेबाकी दाखला आणि भरल्याच्या पावत्या जोडून कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तेवढ्यानेही भागलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

दोन लाखांच्या जागी सव्वा लाखात तडजोड झाली असेल, तर ‘सेटल्ड’ ही नोंद खरी आहे. ती पुसून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्याला नाही. सोडून दिलेली उरलेली रक्कम भरायची ऐपत आली, तर आधी संस्थेशी लेखी बोलणी करावी, पैसे भरून दाखला घ्यावा आणि खातं ‘क्लोज्ड’ दाखवायला सांगावं. ऐपत नसेल, तर लहानसं कर्ज घेऊन ते वेळच्या वेळी फेडत राहणं हाच मार्ग. त्याला वेळ लागतो, पण वेळेवर भरलेला प्रत्येक हप्ताही त्याच अहवालात चढतो.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण वसुलीवाल्याच्या फोनवरच्या शब्दावर विसंबून पैसे भरून मोकळे झालेले असतात. हातात कागद नसतो. त्यांची मला कळकळ वाटते, कारण शिकलेली माणसंही इथे अडाणी कुणब्याइतकीच हतबल होतात. म्हणून तडजोडीआधीच येणाऱ्याला मी निक्षून सांगतो: रक्कम, तारीख आणि त्यानंतर खात्याची नोंद काय होणार, हे संस्थेच्या पत्रावर आल्याशिवाय पैसे भरू नका, आणि भरलेत की दाखला मागा. आपण उपकार मागतो आहोत असं वाटून घेऊ नका. तो कागद आपला हक्क आहे, आणि आपल्याच मुलखातल्या माणसांनी तुरुंगात जाऊन तो मिळवला आहे.