नकळत म्हणजे कधीपर्यंत?

जेवणं आटोपून, भांडी आवरून बसला असाल तर रेडिओचा आवाज थोडा मोठा करा. आजचं बोलणं इतिहासाचं आहे, पण त्याची सुरुवात आपल्याच गंगापूर रोडवर होते.

गंगापूर गाव, गोवर्धन, दुगाव, गिरणारे, या पट्ट्यातल्या बचत गटांच्या आम्ही बायका. भाजी, दूध, घरकाम, दवाखाना, मुलांचं कॉलेज, सगळ्यासाठी आमचा रस्ता एकच. याच रस्त्यावर एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक कार्यालय होतं. काचेचा दरवाजा, आत गारवा, आलेल्या बाईला आधी पाणी विचारायचे. त्यांचं नाव आम्ही घेणार नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे. महिना ३०० रुपये भरा, चार वर्षांनी दामदुप्पट, अशी त्यांची योजना. आमच्या गटातली एक मावशी त्यांची एजंट झाली. तिच्यासह ३४ जणींचे पैसे ती दर महिन्याला गोळा करायची, कार्यालयात भरायची आणि प्रत्येकीला पावती आणून द्यायची. २०१६ च्या जुलैत एका सकाळी त्या काचेच्या दाराला कुलूप दिसलं.

मालक कुठे गेले ते आम्हाला माहीत नव्हतं. मावशीचं घर मात्र माहीत होतं. त्यामुळे सगळी गर्दी तिच्याच ओट्यावर जमली. कोणी तिला चोर म्हटलं, कोणी तिच्या सुनेला नळावर पाणी भरू दिलं नाही. खरं सांगायचं तर त्या गर्दीत आम्हीही होतो. पुढे एका तक्रारीत मालकांच्या नावाखाली तिचं नाव आलं आणि पोलिसांचं बोलावणं आलं. ती एवढंच म्हणत राहिली, “मला काय माहीत होतं गं?”

तिला माहीत नव्हतं हे खरं मानायचं का, आणि खरं असलं तरी तेवढ्याने ती सुटते का? आम्ही वकीलबाईंकडे गेलो, कायद्याची मराठी पुस्तकं चाळली, आणि कळलं की हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे.

आता 'दामदुप्पट' हाच शब्द घ्या. आज तो आमिषाचा शब्द झाला आहे. पूर्वी तो कर्जदाराच्या बाजूचा नियम होता. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, असा तो जुना हिंदू व्यवहारातला दामदुपटीचा नियम. मुंबई इलाख्यातली कोर्टंही तो मानत. घेणाऱ्याला आवर घालणारा शब्द पुढे देणाऱ्याला भुलवायला वापरला गेला. आमच्यातल्या एका आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, शब्दालाही फसवलं की मेल्यांनी.

आता थोडं मागे जाऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जाचे कागद, वह्या बाहेर काढून जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांचा राग कागदावर होता. त्यांना वाचता येत नव्हतं, अंगठा कशावर उमटवला ते कळत नव्हतं, आणि कोर्टात तो अंगठाच त्यांच्याविरुद्ध उभा राहत होता. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला, आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. त्यात न्यायाधीशाला सांगितलं होतं की नुसत्या कागदावर जाऊ नका, व्यवहार पहिल्यापासून कसा झाला ते तपासा. आणखी एक गोष्ट त्यात होती. पैसे भरले की पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला होता. हा कायदा देण्याघेण्याचा होता, गुन्ह्याचा नव्हता, हे वकीलबाईंनी आम्हाला बजावलं. पण व्यवहार पहिल्यापासून पाहायचा ही रीत आम्ही तिथूनच उचलली. ती मावशीच्या कामी आली. कशी, ते पुढे सांगतो.

गुन्ह्याचा कायदा त्याहून जुना आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्यात फसवणूक म्हणजे कपटाने किंवा अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याला भुलवणं. हेतू नसेल तर फसवणूक नाही. इथपर्यंत वाचून आम्हाला हायसं वाटलं होतं. मग वकीलबाईंनी कलम ५२ दाखवलं. त्यात सद्भाव म्हणजे काय ते उलट्या बाजूने सांगितलं आहे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली गोष्ट सद्भावाने केली असं म्हणता येणार नाही. म्हणजे “मी चांगल्या मनाने केलं” एवढं पुरत नाही. विचारपूस केली होती का, कोणाला, कधी, हे दाखवावं लागतं. आणखी एक भेद याच संहितेत आहे. वस्तुस्थिती कळण्यात चूक झाली तर माफी मिळू शकते. कायदाच माहीत नव्हता, ही सबब चालत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, फसवणूक आता ३१८ मध्ये आहे, पण या दोन्ही गोष्टी तशाच आहेत.

साखळीने पैसे फिरवण्याची युक्तीही काही आजची नाही. १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं वचन दिलं आणि नव्यांच्या पैशातून जुन्यांना देत राहिला. काही महिन्यांत सगळं कोसळलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याने बक्षीस योजनांवर बंदीची शिफारस केली आणि १९७८ साली बक्षीस चिट व पैसाफिरवणी योजनांवर बंदीचा कायदा झाला. हा कायदा कडक आहे. योजना चालवणंच नव्हे, तर तिचं सभासद होणं आणि तिच्यासाठी पैसे घेणं-पाठवणंही त्याने बंद केलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे ऐकून आम्ही ३३ जणी गप्प झालो. त्या दिवसापर्यंत गुन्हा मावशीचा आणि नुकसान आमचं, अशी आमची वाटणी होती.

आपल्या नाशिकमध्ये या गोष्टी काही वर्षं फार गाजल्या. केबीसी मल्टीट्रेड कंपनीने पैसे तिप्पट करून देण्याचं आमिष दाखवलं. २०१४ मध्ये नाशिक, परभणी भागांत गुन्हे नोंदले गेले. कंपनीचे प्रमुख भाऊसाहेब चव्हाण पत्नीसह सिंगापूरला गेले होते, त्यांना मे २०१६ मध्ये मुंबई विमानतळावर अटक झाली. तोवर गावोगावचे एजंट मात्र गावातच होते. त्याच २०१६ च्या सुरुवातीला मैत्रेय कंपनीविरुद्ध नाशिकमध्ये गुन्हा दाखल झाला. त्या प्रकरणात कोर्टाच्या देखरेखीखाली खास खातं उघडलं गेलं आणि त्यातून काही ठेवीदारांना पैसे परत मिळाले. देशभर पाहायचं तर पीएसीएल नावाच्या कंपनीत साडेपाच कोटींच्या आसपास लोकांचे पैसे अडकले. आमच्या रस्त्यावरचं कार्यालय यांच्यापुढे चिमुकलं. पण पद्धत तीच. पैसे गोळा करायला ओळखीची, विश्वासाची बाईच हवी. गावात जिचा शब्द चालतो तिलाच ते शोधतात.

अशा प्रकरणांत पोलीस जो कायदा लावतात तो आपल्या महाराष्ट्राचा, १९९९ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा. त्याला एमपीआयडी म्हणतात. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा तसाच कायदा २०११ मध्ये योग्य ठरवला आणि २०१२ मध्ये आपला कायदाही पुन्हा उभा राहिला. त्याच्या तिसऱ्या कलमात शिक्षा आहे सहा वर्षांपर्यंत. ती कोणाला? प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांना, आणि कारभार चालवायला जी जबाबदार असेल अशा इतर कोणत्याही व्यक्तीला किंवा नोकराला. मावशीचा सगळा बचाव या 'जबाबदार' शब्दावर होता. ती पैसे गोळा करत होती, पण कारभार करत होती का?

मग आम्ही १८७९ ची रीत लावली. मावशीची वही पहिल्या पानापासून काढली. नोव्हेंबर २०१२ ते जून २०१६, म्हणजे ४४ महिने. ३४ जणींचे दर महिन्याला १०,२०० रुपये. पाच टक्के कमिशन, म्हणजे महिन्याला ५१०, सगळे मिळून २२,४४०. तिने स्वतः भरले १३,२००, आणि त्याशिवाय सोन्याची पोत मोडून ठेवलेले एकरकमी ४०,०००. तिला माहीत असतं तर पोत मोडली असती का? प्रत्येक महिन्याची पावती प्रत्येकीकडे होती. सुरुवातीलाच तिने कार्यालयात परवाना मागितला होता. त्यांनी कंपनी नोंदणीचा कागद दाखवला होता आणि त्याची झेरॉक्स तिने वहीत चिकटवली होती. कंपनीची नोंदणी म्हणजे ठेवी घेण्याची परवानगी नव्हे, हे तिला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. त्या पानापाशी वकीलबाई बराच वेळ थांबल्या.

पण वहीत आणखी एक पान होतं. एप्रिल २०१६ मध्ये एका बाईचा एकरकमी ठेवीचा चेक वटला नाही. मावशी विचारायला गेली, कार्यालयाने सांगितलं सर्व्हर बंद आहे. मे आणि जूनमध्ये तिने आमच्याकडून पैसे घेतले आणि चेकचं कोणाला सांगितलं नाही. या पानावरून आमची मोठी भांडणं झाली. काहीजणी म्हणाल्या, ते पान फाडा, कोणाला कळणार आहे? ज्या बाईचा चेक परत आला होता ती म्हणाली, माझ्या चाळीस हजारांचं काय मग? दोघींचंही खोटं नव्हतं.

आम्हाला त्या रात्री जे उमगलं ते असं. 'नकळत' ही चार वर्षांची एकच गोष्ट नसते. तिला तारीख असते. २०१२ पासून एप्रिल २०१६ पर्यंत मावशी आमच्याइतकीच अजाण होती, आणि त्याला वहीचा आधार होता. एप्रिलनंतर तिला शंका यायला हवी होती. आली असेलही. ती घाबरली होती, पोतीचे पैसे आत होते, आणि सर्व्हरवर विश्वास ठेवणं सोपं होतं. ते पान फाडलं असतं तर आधीच्या ४२ महिन्यांच्या खरेपणावर कोणी विश्वास ठेवला नसता. पान तसंच ठेवलं. मावशीने जबाबात दोन्ही महिन्यांचं स्वतःहून सांगितलं, आणि आमच्यापैकी ११ जणींनी जबाब दिले की ती वसुली करायची, कारभार नव्हे. तिला अटकपूर्व जामीन मिळाला.

वेळ किती लागतो याचं एक उदाहरण नाशिकचंच आहे. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणातला एक खटला इथल्या कोर्टात होता. नाशिकरोडच्या प्रेसमधून रेल्वेने जाणाऱ्या मुद्रांकांबाबत तेलगीला मदत केली, असा आरोप रेल्वे सुरक्षा दलाच्या काही माणसांवर होता. दहा वर्षांहून जास्त काळ तो डोक्यावर राहिला. २०१८ च्या अखेरीस पुराव्याअभावी सगळे निर्दोष सुटले. तेलगी स्वतः त्याच्या आदल्या वर्षीच मरण पावला होता.

तुमच्या गटासाठी कामाचं थोडं सांगतो. २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा केंद्राचा कायदा आला. लोकांना अशा योजनेत ओढण्यासाठी खोटं सांगणाऱ्याला त्यात शिक्षा आहे, पण तिथे 'जाणूनबुजून' हा शब्द घातला आहे. बचत गटाच्या सभासदांचे ठरलेल्या मर्यादेतले हप्ते या कायद्यातल्या ठेवींमध्ये धरत नाहीत, तेव्हा आपली मासिक बचत बिनधास्त चालू ठेवा. आणि कोणा बाईवर अशी वेळ आलीच तर वकिलासाठी दागिना मोडू नका. १९८७ च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा. आमच्या वकीलबाई तिथूनच मिळाल्या.

खटला अजून चालू आहे. मावशी बैठकीला येते, पण दाराजवळ बसते आणि पैशाच्या पेटीला हात लावत नाही. ज्या बाईचा चेक परत आला होता ती तिच्याशी अजून बोलत नाही, मात्र कोर्टाच्या तारखेला तिच्यासोबत एकाच बसने जाते. मूळ वही कोर्टात जमा आहे. तिची झेरॉक्स आमच्या गटाच्या पेटीत, ठरावांच्या रजिस्टरखाली ठेवली आहे, एप्रिलच्या पानासकट.