शब्दवेध : केजीतली बाग

नेरूळ-खारघरच्या आईबापांना ज्युनियर केजीच्या प्रवेशाच्या तारखा तोंडपाठ असतात. 'केजी' मूळचा जर्मन, हे मात्र मी जर्मनच्या वर्गात सांगते तेव्हा बहुतेकांना नवं असतं. (दप्तराचं ओझं पाहता तो किलोग्रॅमच वाटावा.)

केजी म्हणजे किंडरगार्टन. जर्मनमध्ये किंडर म्हणजे मुलं, गार्टेन म्हणजे बाग. फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने हे नाव १८४० मध्ये दिलं. बाग त्याला खरीखुरी हवी होती. मुलांनी वाफे राखावेत, लोकरीचे रंगीत चेंडू आणि लाकडी ठोकळे हाताळावेत. प्रशियाच्या सरकारला यात नास्तिकपणा दिसला नि १८५१ मध्ये बंदी आली. चेंडूंना भिणारं सरकार!

मार्गारेट शुर्ट्झ या जर्मन बाईंनी १८५६ मध्ये अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला किंडरगार्टन सुरू केलं, तेही जर्मनमधून. पुढे बोस्टनला एलिझाबेथ पीबॉडींनी ते इंग्रजीत आणलं. अमेरिकनांनी पद्धतीसोबत नावही घेतलं आणि 'गार्टेन'चा 'टी' तसाच ठेवला, त्याचं 'गार्डन' केलं नाही. पाहुण्या शब्दाला एवढा मान क्वचितच मिळतो.

आपल्याकडे इंग्रजी शाळांनी आद्याक्षरं तेवढी उचलली. मराठीने मात्र बालवाडी घडवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं, ते गाव चिकूच्या वाड्यांचं. तिथे वाडी म्हणजे बागच की! आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्राच्या बालविकास योजनेने हे नाव देशभर नेलं.