तोफेचा वंशज, चिंचपोकळीचा सोयरा

लोअर परळमधल्या कुठल्याही बांधकामाच्या फाटकाशी रेडीमिक्स काँक्रीटचा ट्रक येऊन थांबला, की त्याच्या पाठीवरच्या ड्रमकडे नीट पाहावं. वाटेत तो एका दिशेने संथ फिरत असतो. माल ओतायची वेळ आली की मागचा दांडा हलतो, ड्रम मंदावतो, थबकतो आणि उलटा फिरू लागतो. क्लच नाही, गिअर पडल्याचा आवाज नाही. ड्रम कोणत्या बाजूला आणि किती वेगाने फिरणार, हे एका दांड्याच्या कलावर ठरतं. इंजिनच्या जोरावर एक पंप तेल ढकलतो, त्या तेलावर दुसरीकडे एक मोटर फिरते आणि मोटर ड्रमला फिरवते. अमेरिकेत घरामागच्या दोन-चार एकरांवर चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या पोटातही हेच तंत्र असतं. तिथे त्याला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, थोडक्यात एचएसटी म्हणतात. ‘गिअरचा घ्यावा की हायड्रोचा’ हा तिथल्या गिऱ्हाइकापुढचा कायमचा प्रश्न आहे.

या तंत्राची कुळकथा शोधत गेलं, की वाट अचानक चिंचपोकळीला येते.

शेतीच्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रोस्टॅटिक बाजारात रुजवण्याचं मोठं श्रेय शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं. याच कंपनीने १९६३ मध्ये मुंबईत दोन भागीदारांबरोबर ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ काढली. एक भागीदार महिंद्रा अँड महिंद्रा आणि दुसरा व्होल्टास. ज्याचं व्होल्टास हाउस डॉ. आंबेडकर रस्त्यावर, परळहून करी रोड ओलांडलं की पुढच्याच चिंचपोकळीला आहे, तोच हा व्होल्टास. एअरकंडिशनरमुळे घरोघरी माहीत झालेली ही कंपनी एकेकाळी ट्रॅक्टरच्या घरातलीही होती, हे गिरणगावातल्या फार थोड्यांच्या ध्यानात असेल.

व्होल्टासचं मूळ आणखी मागे जातं. १९५४ मध्ये टाटा सन्स आणि व्होल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून ती स्थापन केली. व्होल्कार्ट ही स्विस पेढी. १८५१ मध्ये ती विंटरथूर आणि मुंबई अशा दोन ठिकाणी एकाच वेळी सुरू झाली, आणि पुढे तिचा मोठा व्यापार कापसाचा होता. कापूस जहाजात भरायचा तर गाठी घट्ट दाबल्या पाहिजेत, आणि त्या दाबणारे प्रेस हायड्रॉलिक होते. म्हणजे पास्कलचा सतराव्या शतकातला सिद्धांत, त्यावर इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पेटंट घेतलेला प्रेस, त्या प्रेसमधून निघणारी वऱ्हाडी कापसाची गाठ, ती विकणारी पेढी, पेढीतून निघालेली व्होल्टास, व्होल्टासची भागीदार हार्वेस्टर आणि हार्वेस्टरचा हायड्रो ट्रॅक्टर अशी वंशावळ सरळ खाली उतरते. एकाच शहरात, एकाच धंद्याच्या धाग्यावर.

ही वंशावळ मोहात पाडणारी आहे, पण यंत्र उघडून पाहिलं की ती टिकत नाही. प्रेसला जोर हवा असतो, वेगावरची हुकूमत नको असते. दट्ट्या वर जातो, गाठ दाबतो, खाली येतो. मधल्या कुठल्याही वेगावर सलग फिरत राहण्याची गरजच तिथे नाही. ट्रॅक्टरला मात्र तीच गरज आहे. गोगलगाईच्या चालीपासून धावण्यापर्यंत, पुढे आणि मागे, मध्ये एकही पायरी नको. दाब हे दोघांचं सामाईक तत्त्व खरं, पण दाब रेल्वेच्या ब्रेकमध्येही असतो. त्यावरून बाप ठरत नाही.

गिरणगावाच्या बाजूने दुसरा दावा येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. पायऱ्यांशिवाय वेग बदलणारं यंत्र गिरणीत होतंच. कापसाचा पेळू विणायच्या सुताकडे नेताना मधल्या टप्प्यात स्पीड फ्रेम लागते. तिच्यावर बॉबिन भरत जाते तशी ती जाड होते. जाड बॉबिन त्याच वेगाने फिरली तर धागा ताणून तुटेल. म्हणून दोन शंकूच्या आकाराचे ड्रम समोरासमोर उलटे ठेवतात, त्यांवरून एक पट्टा जातो आणि प्रत्येक थर भरला की पट्टा थोडा सरकतो. वेग अलगद बदलतो. मँचेस्टरच्या हेन्री होल्ड्सवर्थने १८२६ मध्ये या फ्रेमला डिफरन्शियलची जोड दिली, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांमधल्या जॉबरांनी आणि फिटरांनी ही यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या राखली. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हाही ही कोन ड्रमची जोडी कित्येक खात्यांत उभी होती.

तरीही कोन ड्रम हा हायड्रोस्टॅटिकचा काका म्हणावा लागेल. त्याला उलटं फिरता येत नाही, शून्यावर थांबता येत नाही, आणि पट्टा जोराखाली घसरतो. नांगर ओढणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

खरा बाप समुद्रावर सापडतो. हार्वे विल्यम्स आणि रेनॉल्ड्स जॅनी या दोन अमेरिकनांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक पंप-मोटरची जोडी तयार केली आणि कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी टूल कंपनीने ती बनवली. १९०६ च्या सुमारास ती अमेरिकन युद्धनौका व्हर्जिनियाच्या तोफा वळवायला लावली गेली. तोफेचा बुरूज कित्येक टनांचा. नेम धरताना तो केसभर हलला पाहिजे, शत्रूचं जहाज बदललं की झपाट्याने वळला पाहिजे, आणि दोन्हींच्या मध्ये धक्का बसता कामा नये. जोर प्रचंड, वेग शून्यापासून पुढे-मागे सलग. ट्रॅक्टरचं मागणं शब्दशः हेच आहे.

त्यांची युक्ती अशी. एका गोल ठोकळ्यात दट्टे वर्तुळात बसवायचे, रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये गोळ्या असाव्यात तसे. त्यांची टोकं एका तबकडीवर टेकलेली. तबकडी सरळ असेल तर ठोकळा कितीही फिरो, दट्टे आत-बाहेर होत नाहीत आणि तेल ढकललं जात नाही. तबकडी थोडी तिरकी केली की प्रत्येक फेरीत दट्टे थोडे आत-बाहेर होतात आणि थोडं तेल जातं. जास्त तिरकी केली तर जास्त. आणि मध्यबिंदू ओलांडून उलटी कलंडवली तर तेल उलट दिशेने वाहतं. इंजिन एकाच वेगाने एकाच बाजूला फिरत राहतं आणि पुढची मोटर हवी तशी वागते. परळच्या मिक्सरचा दांडा आणि अमेरिकन ट्रॅक्टरचं पेडल, दोघंही शेवटी हीच तबकडी कलंडवतात. शिवाय विल्यम्स आणि जॅनी यांनी पाण्याऐवजी तेल वापरलं. तेल दट्ट्यांना वंगणही देतं आणि गंजूही देत नाही, म्हणून फटी बारीक ठेवता येतात आणि दाब टिकतो.

समुद्रावरून ते जमिनीवर कसं आलं? जहाजांच्या सुकाणूत अशा बदलत्या पंपांचा वापर वाढला. विमानांनीही हात दिला: इंजिनचा वेग कमी-जास्त झाला तरी जनित्र एकाच वेगाने फिरावं म्हणून इलिनॉयच्या सन्डस्ट्रँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर याच जातीच्या यंत्रणा विमानांत बसवल्या. पुढे हीच सन्डस्ट्रँड हार्वेस्टरच्या कब कॅडेट या गवत कापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या पोटात शिरली. तोफखान्यातून विमानात आणि विमानातून हिरवळीवर, हा प्रवास तंत्राच्या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण उसनवाऱ्यांपैकी एक आहे.

पहिला हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर कुणाचा यावर वाद आहे. इंग्लंडचा दावा जुना: सिल्सोच्या राष्ट्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने १९५४ मध्येच प्रयोगाचा ट्रॅक्टर चालवून दाखवला. हार्वेस्टरचा एचटी-३४० हा गॅस टर्बाइनवर चालणारा, हायड्रोस्टॅटिक चाकांचा प्रयोग १९६१ चा. आणि शेतकऱ्याला दुकानात जाऊन घेता येईल असा फार्मॉल ६५६ हायड्रो १९६७ चा. कुळकथेत प्रयोगशाळेला मान द्यावा, पण वंश चालवला तो दुकानातल्या ट्रॅक्टरनेच. म्हणून या लेखाचं मत हार्वेस्टरच्या बाजूने पडतं.

आणि इथेच मुंबईची चुटपुट आहे. १९६५ मध्ये कांदिवलीतून बाहेर पडला तो हार्वेस्टरचाच बी-२७५, पण साध्या गिअरचा. दोनच वर्षांनी अमेरिकेत हायड्रो आला, तोवर भागीदारी चालू होती, तरी तो इकडे फिरकला नाही. कारण तंत्राचं अज्ञान हे नसावं. कारण कामाचं होतं. तेलातून जाताना जोराचा काही भाग उष्णता होऊन जातो. चांगली गिअर पेटी नव्वद टक्क्यांहून अधिक शक्ती चाकापर्यंत पोचवते, हायड्रोस्टॅटिक साधारण ऐंशीच्या आसपास. अमेरिकन शेतकऱ्यालाही ६५६ हायड्रो डिझेल पितो हे जाणवलं, आणि तो तिथेही नांगरापेक्षा लोडर आणि गवताच्या गाठींच्या कामातच आवडता ठरला. आपल्याकडे ट्रॅक्टर दिवसभर नांगर-रोटाव्हेटर ओढतो आणि हंगामात उसाची ट्रॉली घेऊन साखर कारखान्याची वाट धरतो. सलग भाराखालचं हे काम गिअरचंच. शिवाय गिअर पेटी गावातला मिस्त्री उघडतो. सूक्ष्म फटींच्या पंपाला स्वच्छ तेल, योग्य फिल्टर आणि धूळ नसलेली जागा लागते.

द्रवातून जोर पाठवण्याचा भारतीय धागा दुसऱ्या शाखेत वाढला. परळचा १८७९ पासूनचा लोको वर्कशॉप ज्या रेल्वेचा, त्या रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी मनमोहन सुरी यांनी ‘सुरी ट्रान्समिशन’ घडवलं आणि १९६२ चा भटनागर पुरस्कार मिळवला. ती शाखा टॉर्क कन्व्हर्टरची. तिथे तेलाचा वेग काम करतो, हायड्रोस्टॅटिकमध्ये तेलाचा दाब. दोघांना एकच समजण्याची चूक कायम होते. पण पुढे याच सुरींच्या पुढाकाराने दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत स्वराज ट्रॅक्टरचं काम सुरू झालं, आणि तो बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राकडे आली. दोन्ही शाखांची नातवंडं एकाच घरात नांदायला लागली.

त्या घरानेच हायड्रो अमेरिकेत विकायला घेतला आहे. महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत आहे. २०१५ मध्ये तिने जपानच्या मित्सुबिशी ॲग्रिकल्चरल मशिनरीत हिस्सा घेतला. या जपानी भागीदाराबरोबर विकसित केलेली, तेलंगणातल्या जहीराबादला बनणारी ‘ओजा’ मालिका १५ ऑगस्ट २०२३ रोजी केप टाउनला सादर झाली. भारतात तिचे ट्रॅक्टर गिअरचे आणि शटलचे. अमेरिकेत छोट्या मॉडेलना एचएसटी.

टेक्ससमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला हा ट्रॅक्टर निवडायचा असेल, तर अश्वशक्तीच्या आधी कामं मोजावीत. लोडरने माती भरणं, सतत पुढे-मागे होणं, झाडांभोवती गवत कापणं असेल तर हायड्रो. तासन्‌तास नांगरणी असेल तर गिअर. दोन हायड्रो शेजारी ठेवून पाहताना पेडल एक की दोन, रेंज दोन की तीन, चढावर लोडर भरलेला असताना इंजिन किती दबतं, आणि तेल-फिल्टर बदलायला किती खर्च येतो, हे तपासावं. पीटीओची, म्हणजे अवजाराला मिळणारी, अश्वशक्ती त्याच इंजिनाच्या गिअर मॉडेलपेक्षा थोडी कमी दिसेल. ती तोट्याची किंमत आहे आणि ती उघड लिहिलेली असते.

महाराष्ट्रात हायड्रो पहिल्यांदा कुठे रुजेल, याचा अंदाज बांधायचा झाला तर ऊस सोडून द्यावा आणि नाशिककडे पाहावं. द्राक्षबागेत फवारणी यंत्राला पीटीओचा वेग ठरलेला हवा असतो आणि ट्रॅक्टरची चाल मात्र ओळीप्रमाणे, उताराप्रमाणे, ओळ संपल्यावरच्या वळणाप्रमाणे बदलावी लागते. इंजिन स्थिर ठेवून चाल स्वतंत्रपणे बदलणं हेच या तंत्राचं जन्मापासूनचं कौशल्य. भार हलका, वळणं दाट, बागायतदार खर्च करायला तयार. तिथे हा हिशेब पहिल्यांदा जमेल.