पळीभर तेल आणि पाटणादेवीचा वीकांत

खानदेश म्हटलं की लोकांना आठवतं ४५ अंशांचं ऊन, केळी आणि भरीत. यातलं ऊन डिसेंबरात नसतं, हे मात्र पुण्या-मुंबईच्या मंडळींना पटवून द्यावं लागतं. माझा मोठा भाऊ दीपनगरला वीज केंद्रात आहे आणि आई त्याच्याकडेच असते. (दीपनगर म्हणजे भुसावळजवळची औष्णिक वीज केंद्राची वसाहत. चिमण्या दिसल्या की घर आलं असं समजायचं.) तर दरवर्षी थंडीत आम्ही तिथे जातो, कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन सुस्तावतो, आणि दुसऱ्या दिवशी पोरं विचारतात, "बाबा, डोंगर कुठंय?"

प्रश्न रास्त आहे. दीपनगरहून डोंगराला पर्याय बरेच. उत्तरेला सातपुड्यात रावेरजवळचं पाल, लांब पश्चिमेला नंदुरबारकडचं तोरणमाळ, पूर्वेला मेळघाटातलं चिखलदरा. पण सात आणि चार वर्षांची दोन मुलं, सोबत आई, आणि हातात दोनच दिवस असतील तर मी पाटणादेवी सुचवीन. भुसावळहून रेल्वेने चाळीसगाव आणि तिथून साधारण १८ किलोमीटर. सह्याद्रीचा जो फाटा पूर्वेकडे अजिंठ्यापर्यंत जातो, त्याच्या कुशीत चंडिका देवीचं जुनं देऊळ, भोवती जंगल, डोक्यावर कण्हेरगडाचा कडा. वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. पण लहान मुलांना तिथवर पायी ओढत नेऊ नका. देवळाच्या आसपास वानरं मोजण्यात अर्धा दिवस मजेत जातो.

पण मला पाटणादेवीला नेणारी गोष्ट वेगळीच आहे. आपण रोज ज्यावर पोट भरतो त्या अल्गोरिदम नावाच्या प्रकरणाशी या जागेचा जुना संबंध आहे.

भाऊ दाजी लाड हे नाव आपल्याला मुंबईतल्या म्युझियममुळे माहीत असतं. ते डॉक्टर, पण जुन्या लेखांचं वेड भारी. पाटणच्या देवळातला एक शिलालेख त्यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्याबद्दल लिहिलं. पुढे १८९२ च्या सुमारास कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो नीट संपादून छापला. लेखातली तारीख श्रावणी पौर्णिमेची, चंद्रग्रहणाची. हिशेब केला तर येते ९ ऑगस्ट १२०७. लेख काय म्हणतो? तर सिंघण यादवाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी चांगदेव याने इथे मठ स्थापन केला. कशासाठी? आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. आजोबांचं नाव भास्कराचार्य!

"म्हणजे आपले चांगदेव महाराज?" आईने लगेच विचारलं. दीपनगरकरांना हा प्रश्न पडणारच, कारण तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवांचं देऊळ तिथून जवळ. पण नाही. वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले ते योगी चांगदेव वेगळे आणि हा ज्योतिषी वेगळा. या लेखाच्या वेळी ज्ञानेश्वरांचा जन्मही झालेला नव्हता. "त्यांचं वय चौदाशे होतं, त्यात हे बसतंच की," आई म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं :)

आता थोडं भास्कराचार्यांबद्दल. त्यांनी आपला जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, असं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला असंही. म्हणजे ११५०. आपल्यापैकी बरेच जण ३६ व्या वर्षी लीड व्हायची वाट बघत असतात, असो. त्यांच्या बीजगणितात 'चक्रवाल' नावाची रीत आहे. उदाहरण असं: एक पूर्णांक घ्या, त्याच्या वर्गाला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा, उत्तरही पूर्ण वर्ग आलं पाहिजे. शून्य सोडून सर्वांत लहान असा पूर्णांक कोणता? उत्तर आहे २२,६१,५३,९८०. एकेक आकडा तपासत बसलात तर कॉम्प्युटरलाही थोडा दम लागेल. चक्रवाल तेच तेच पाऊल पुन्हा टाकत, प्रत्येक फेरीत थोडं पुढे सरकत, काही मोजक्या फेऱ्यांत तिथे पोचतं. शुद्ध लूप! १६५७ साली फर्माने युरोपातल्या गणित्यांना आव्हान म्हणून जी कोडी घातली त्यात नेमका हा ६१ होता. पण लगेच छाती फुगवायला नको. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणित्याकडेही सापडतं, आणि त्याचा पाया ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात घातलेला. जुन्या कोडवर नवं कोड, हेच खरं.

मग भास्कराचार्य जन्मले कुठे? पाटणादेवीला गेलात तर कुणीही सांगेल, "इथेच." स्वतः भास्कराचार्य सांगतात की सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडवीड नावाच्या गावी ते राहात. ते विज्जडवीड म्हणजे कोणी पाटण म्हणतो, कोणी बीड, कोणी विजापूर. शिलालेखात एक मोलाची नोंद आहे: भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने "या गावाहून" बोलावून नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. म्हणजे घराणं इथे होतं, हे पक्कं. जन्म इथलाच, हे त्यातून सिद्ध होत नाही. मुलीला मी तसंच सांगितलं. "म्हणजे अजून शोधायचंय?" "हो." तिला हे उत्तर जास्तच आवडलं. मुलांना पक्की उत्तरंच लागतात ही आपली समजूत असते, त्यांची नसते.

लीलावतीचंही तेच. घटिकापात्रात मोती अडकला, मुहूर्त टळला, मग बापाने मुलीच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. ती येते १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. गोष्ट गोड आहे, जरूर सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा.

गणित मात्र ग्रंथातलंच घ्या. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे निघालाय. मोर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? आम्ही देवळाच्या आवारात जमिनीवर खडूने काटकोन काढला. हाताच्या जागी वीत घेतली, मापायला सुतळी. मुलीने १० वितींवर खूण केली, मोराची सुतळी कमी पडली. मग ११. मग १२, आणि दोन्ही सुतळ्या बरोब्बर १५ वितींच्या! पायथागोरस अजून शाळेत आलेला नाही, तरी उत्तर आलं. याला आपण ब्रूट फोर्स म्हणतो, पण सात वर्षांच्या माणसाला तो शोभतो. धाकट्याने साप व्हायचं काम मन लावून केलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. त्या शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, वंशावळ आणि स्तुती. पण शेवटी भाषा बदलते आणि चक्क मराठी सुरू होते. का? कारण शेवटी पैशांचा व्यवहार आहे, आणि तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा. इथला निकुंभ घराण्याचा मांडलिक सोइदेव मठाला उत्पन्न लावून देतो. पाटणच्या बाजारात जे केणें, म्हणजे विक्रीचा माल, उघडेल त्यावर राजाला मिळणारा काही वाटा आता मठाला. आणि जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.

पळीभर तेल! सिद्धान्तशिरोमणी शिकवणारा मठ त्या पळीवर चालत होता. घाण्याच्या तेल्याला चक्रवाल माहीत असायचं काही कारण नाही, पण ते पुढच्या पिढीला शिकवण्याचा खर्च त्याच्या घाण्यातून निघत होता. आपण भास्कराचार्यांचा अभिमान बाळगतो, चांगदेवाचं आणि सोइदेवाचं नाव दगडावर आहे. तेल्यांची नावं कुठेही नाहीत.

नावांचंच म्हणाल तर या अभयारण्याचं नाव गौताळा औट्रमघाट. १९८६ साली ते जाहीर झालं. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे गेला, डोंगरातले भिल्ल काही केल्या दबेनात, तेव्हा १८२५ मध्ये अवघ्या २२ वर्षांच्या या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. आपण ज्या डोंगरात थर्मास घेऊन विसावा शोधायला जातो, तो कोणाचं तरी घर होता आणि रणांगणही. कन्नडकडच्या घाटाला साहेबाचं नाव राहिलं, भिल्लांचं नाही.

म्हणून मला वाटतं, मुलांना घेऊन गेलात तर थोर माणसांच्या नावापाशी थांबू नका. काकाच्या चिमणीतून निघालेली वीज कुठल्या शाळेत जाते, तिथल्या फळ्याचे पैसे कोण देतं, हे विचारायला पाटणादेवी चांगली जागा आहे. परतीच्या गाडीत मुलीने काकासाठी प्रश्न तयार ठेवला होता: "तुम्ही कोणाला किती पळ्या देता?" भाऊ अजून हिशेब करतोय.

जाणार असाल तर स्वेटर न्या, पहाटे चांगलंच गारठतं. जेवण चाळीसगावहून बांधून घ्या, वानरांपासून सांभाळा. आणि हो, खडू आणि सुतळी विसरू नका.