यजमान, पाहुणा आणि शेजारची खुर्ची

एप्रिल २०२३ मध्ये माझी आई न्यू जर्सीत बहिणीकडे राहायला गेली होती. सकाळी नऊ वाजता जावई कामावर, नात शाळेत आणि आई दुसऱ्या चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर. केली रिपा नावाच्या निवेदिकेशी तिची एकतर्फी ओळख झाली होती. पहिली पंधरा-वीस मिनिटं ती बाई शेजारच्या माणसाशी नुसत्या गप्पा मारते, मुलांचं काय, काल रात्री काय खाल्लं, आणि मग पाहुणे येतात. आईला पाहुण्यांत रस नव्हता, गप्पांत होता. त्या महिन्याच्या १७ तारखेला शेजारचा माणूस बदलला. रायन सीक्रेस्ट गेला आणि त्याच्या जागी मार्क कॉन्सुएलोस आला. हा केलीचा खरोखरचा नवरा आहे, हे बहिणीने सांगितलं. रात्री फोनवर आई मला म्हणाली, "अरे, त्या बाईंनी आता यजमानांनाच आणून बसवलंय!"

आईच्या बोलण्यात यजमान म्हणजे नवरा. वडिलांचं नाव तिने उभ्या आयुष्यात घेतलं नाही. 'आमचे यजमान' एवढ्यावर भागवलं. पण इंग्रजी 'होस्ट'ला मराठीत शब्द शोधायला गेलं, तरी हाताला यजमानच लागतो. म्हणजे 'होस्टने नवऱ्याला को-होस्ट केलं' हे सगळं वाक्य आईने एका शब्दात उरकलं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांतल्या बऱ्याच रात्री या शेजारच्या खुर्चीने खाल्ल्या.

आधी खुर्चीचा सातबारा. १९८३ साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी वाहिनीवर 'द मॉर्निंग शो' सुरू झाला, तेव्हा रेजिस फिलबिनच्या शेजारी सिंडी गार्वी होती. मग थोडे दिवस अ‍ॅन अ‍ॅबरनॅथी. १९८५ मध्ये कॅथी ली आली, १९८८ मध्ये कार्यक्रम देशभर दिसू लागला, २००० मध्ये ती गेली. पुढच्या फेब्रुवारीत केली रिपा. २०११ मध्ये खुद्द रेजिस उठला आणि केली मूळ खुर्चीची मालकीण झाली. तिच्या शेजारी २०१२ मध्ये फुटबॉलपटू मायकेल स्ट्रेहॅन, २०१७ मध्ये सीक्रेस्ट आणि आता नवरा. दिवसा चालणाऱ्या अमेरिकी टॉक शोंमध्ये इतके चढउतार सोसूनही टिकलेली दुसरी खुर्ची क्वचितच सापडेल. ('द व्ह्यू' आठवला असेल, पण तिथे खुर्च्याच पाच. १९९७ पासून तिथे इतक्या बायका आल्या-गेल्या की तो वेगळाच ग्रंथ होईल.)

प्रश्न असा, की ही दुसरी खुर्ची मुळात कुठून आली?

सर्वांत आवडतं उत्तर म्हणजे 'साइडकिक'. मुख्य माणसाच्या विनोदाला हसणारा, त्याला चेंडू टाकून देणारा. जॉनी कार्सनच्या बाजूला एड मॅकमेहन १९६२ पासून १९९२ पर्यंत बसला, तो याचा नमुना. आणखी मागे जाणारे लोक एकोणिसाव्या शतकातल्या मिन्स्ट्रेल शोपर्यंत पोचतात. तोंडं काळी रंगवून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या त्या ओंगळ करमणुकीत अर्धवर्तुळाच्या मध्यभागी बोलका सूत्रधार असे आणि दोन्ही टोकांना त्याची फिरकी घेणारे दोन विदूषक. साइडकिक या शब्दाबद्दल एक मजेदार कथाही सांगतात. खिसेकापूंच्या बोलीत 'किक' म्हणजे खिसा. विजारीच्या बाजूच्या खिशातलं पाकीट मारणं सगळ्यांत अवघड, कारण तो अंगाला चिकटलेला. म्हणून अंगाला चिकटलेला सोबती तो साइडकिक. कथा इतकी छान आहे की खोटी असणारच. मी त्यावर संशय घेतो तो एका कारणाने. ओ. हेन्रीच्या १९०४ च्या पुस्तकात सोबत्यासाठी शब्द येतो तो 'साइड-किकर', आणि आखूड रूप त्याच्यानंतर रुळलं. खिशावरून शब्द आला असता तर आधी आखूड रूप दिसायला हवं होतं, लांब नव्हे. 'किकर'मध्ये माणूस आहे, खिसा नाही.

साइडकिकवाल्यांच्या हातात एक हुकमाचं पान मात्र आहे, आणि ते लपवणं बरं नाही. रेजिस फिलबिन स्वतः साइडकिक होता. १९६७ पासून एबीसीवर रात्री जोई बिशपचा शो लागायचा, त्यात बिशपच्या शेजारी हाच. जुलै १९६८ मध्ये एका रात्री तो चालू कार्यक्रमातून उठून चालता झाला आणि काही दिवसांनी परतला. दुसऱ्या खुर्चीवरून उठून गेलेला माणूस पुढे पहिल्या खुर्चीवर बसून दुसरीवर माणसं बसवत राहिला, यात सुनेची सासू होण्यातला रंग आहे. पण रात्रीचा शो वेगळा आणि सकाळचा वेगळा. एड मॅकमेहन तीस वर्षं बदलला नाही. साइडकिक बदलत नाही, हाच त्याचा धर्म. आपण शोधतोय ती बदलती खुर्ची.

दुसरं उत्तर आईच्या बाजूचं आहे: नवरा-बायको. १९४५ पासून न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर रेडिओवर डोरोथी किलगॅलन आणि तिचा नवरा रिचर्ड कोलमार आपल्या राहत्या घरातून, न्याहारीच्या टेबलावरून बोलत. त्यांच्या आधी एड आणि पेगीन फिट्झजेराल्ड हे जोडपं होतंच. सकाळची वेळ, चहा-कॉफी, वर्तमानपत्रातल्या बातम्या, थोडी कुरबुर. रेजिसच्या कार्यक्रमातली पहिली पंधरा मिनिटं ऐकली की हे टेबल डोळ्यांसमोर येतं. इथपर्यंत मला मान्य आहे. पण जोडपं तरी कुठे दर दोन-चार वर्षांनी बदलतं?

इथे मी शब्दाकडे वळतो.

होस्ट हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मूळ लॅटिन 'होस्पेस'. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला 'होस्तिस', म्हणजे आधी परका, पाहुणा आणि नंतर, रोमनांचे शेजाऱ्यांशी संबंध बिघडत गेले तसा, शत्रू. इंग्रजी 'गेस्ट' हा याच मुळाचा जर्मानिक कुळातला भाऊ. दुसरा तुकडा 'पोतिस', म्हणजे स्वामी, आणि तो आपला सख्खा 'पती'. होस्पेस म्हणजे 'अतिथिपती'. फ्रेंचमध्ये येता येता त्यातला 'प' गळाला आणि होस्टच्या पोटातला नवरा दिसेनासा झाला. हॉस्पिटलमध्ये तो 'प' अजून शाबूत आहे. आईने २०२३ मध्ये जे जोडलं, ते दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी एकदा जोडलेलंच होतं! ग्रीकमध्ये 'पोसिस' म्हणजे थेट नवरा, आणि 'देस्पोतेस', ज्यावरून इंग्रजीत हुकूमशहाला डेस्पॉट म्हणतात, तो आपल्या 'दंपती'तल्या पहिल्या अर्थाचा, घरधन्याचा, जुळा.

या व्युत्पत्तीला एक मोठा विरोधक आहे. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच पंडिताने १९६९ च्या आपल्या ग्रंथात विचारलं, की पाहुण्याचा 'स्वामी' कसा असेल? पाहुणा काय आपल्या मालकीचा असतो? त्याच्या मते 'पोत्'चा मूळ अर्थ स्वामी नव्हेच. 'स्वतः, तोच तो' असा आहे, आणि होस्पेस म्हणजे आतिथ्य ज्याच्यात मूर्तिमंत झालं तो. बेन्व्हेनिस्तपुढे मी कोण? तरी एवढं म्हणतो, की मराठी घरात वाढला असता तर त्याला हा प्रश्न पडला नसता. आपल्याकडे पाहुण्याने किती खायचं, कुठे झोपायचं आणि कधी निघायचं, हे सगळं घरधनीच ठरवतो. चार पोळ्या खाल्लेल्याच्या पानात पाचवी पडते ती मालकी हक्कानेच. काही जण 'होस्तिस'च्या मागचा धातू संस्कृत 'घस्', म्हणजे खाणे, याच्याशी जोडतात. तसं असेल तर पाहुणा म्हणजे मुळात खाणारा. हे खरं असावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि म्हणूनच मी त्याच्यावर फारसा भार टाकत नाही.

महत्त्वाचं हे, की लॅटिनमध्ये होस्पेस म्हणजे यजमानही आणि पाहुणाही. फ्रेंच 'ओत' आजसुद्धा दोन्ही अर्थांनी चालतो. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे. शब्दाला दोन्ही बाजूंनी बसता येतं. खुर्ची कुठून आली याचं माझं उत्तर इथून निघतं. दुसऱ्या खुर्चीवर बसला तो साइडकिकही नव्हे आणि जोडीदारही नव्हे. तो राहून गेलेला पाहुणा होता.

पुरावा क्लीव्हलंडमध्ये आहे. डिसेंबर १९६१ मध्ये तिथल्या केवायडब्ल्यू वाहिनीवर माइक डग्लस या गायकाचा दुपारचा शो सुरू झाला. (डिस्नेच्या १९५० च्या 'सिंडरेला'त राजपुत्राचा गाता आवाज त्याचा.) वुडी फ्रेझर या निर्मात्याने रचना अशी केली, की दर आठवड्याला एक पाहुणा यायचा आणि पाचही दिवस डग्लसच्या शेजारी को-होस्ट म्हणून बसायचा. सोमवारी जो पाहुणा, तो शुक्रवारपर्यंत घरचा होऊन इतर पाहुण्यांना 'या, बसा' म्हणतोय. का, याचं माझं उत्तर भूगोलाचं आहे. क्लीव्हलंड आडवळणी, नावाजलेला माणूस अर्ध्या तासासाठी तिथे कशाला येईल? आठवडाभराचं काम आणि मान दिला तर येईल. १९६३ मध्ये विशीतली बार्ब्रा स्ट्रायसँड अशीच आठवडाभर बसली होती.

१९६५ मध्ये कार्यक्रम फिलाडेल्फियाला गेला, तोही विचित्र कारणाने. एनबीसीने १९५६ मध्ये दबाव टाकून, डग्लसच्या वाहिनीची मालक असलेल्या वेस्टिंगहाउस कंपनीशी शहरांची अदलाबदल केली होती, तू क्लीव्हलंड घे, मी फिलाडेल्फिया घेतो. सरकारने ती उलटवली, आणि वेस्टिंगहाउसबरोबर डग्लसचं बिऱ्हाडही हललं. न्यूयॉर्क आता जवळ आलं. माझा भूगोल खरा असता तर ही प्रथा इथे बंद पडायला हवी होती. पडली नाही. तोपर्यंत तिची चटक लागली होती, असं म्हणून मी वेळ मारून नेतो.

फेब्रुवारी १९७२ मध्ये त्या खुर्चीवर पाच दिवस जॉन लेनन आणि योको ओनो बसले. दुपारी इस्त्री करता करता टीव्ही बघणाऱ्या गृहिणींसमोर त्यांनी ब्लॅक पँथरच्या बॉबी सीलला बोलावलं, जेरी रुबिनला बोलावलं, ग्राहक हक्कांसाठी भांडणाऱ्या राल्फ नेडरला बोलावलं. चक बेरीबरोबर लेनन गात असताना योकोने मध्येच असा स्वर लावला की बेरीचे डोळे विस्फारले. डग्लस बिचारा शेजारी अवघडून बसलेला. घर त्याचं, पण पाचही दिवस पाहुण्यांच्या पाहुण्यांना चहा देणं त्याच्या नशिबी आलं. होस्पेस या शब्दाचं इतकं चोख प्रात्यक्षिक मी दुसरं पाहिलेलं नाही. १९८० मध्ये तर वेस्टिंगहाउसने तरुण चेहरा हवा म्हणून खुद्द डग्लसला काढून जॉन डेव्हिडसनला आणलं. दर आठवड्याला पाहुणा बदलत बदलत शेवटी यजमानच बदलला.

रेजिसच्या खुर्चीतही हेच दिसतं. कॅथी ली गेल्यावर केली रिपा आली ती आधी एका दिवसाची पाहुणी म्हणून. स्ट्रेहॅन कायम होण्याआधी कितीतरी सकाळी पाहुणा को-होस्ट होता. २०११ च्या नोव्हेंबरपासून २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत केलीच्या शेजारी आलटून पालटून पाहुणे, पन्नासहून अधिक जण. मुलगी बघण्याचा कार्यक्रम दहा महिने चालावा तसं ते चाललं, फक्त इथे दाखवून घ्यायला येत होते ते मुलगे.

माझ्या सिद्धांतात एक काटा आहे: बार्बरा वॉल्टर्स. ती 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमात को-होस्ट झाली ती पाहुणी म्हणून नव्हे. फ्रँक मॅगी हा मुख्य निवेदक असताना स्टुडिओतल्या मोठ्या मुलाखतीत पहिले तीन प्रश्न त्याने विचारायचे आणि चौथा तिने, असा नियम होता. तिच्या करारात मात्र एक कलम होतं: मॅगी गेला तर ती को-होस्ट. १९७४ मध्ये मॅगी वारला आणि कलम लागू झालं. पाहुणचाराने नव्हे, कागदाने मिळालेली खुर्ची. पुढे 'द व्ह्यू' तिनेच काढला.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. पाणिनीचंही सांगितलं, की 'पत्नी' हा शब्द त्याने यज्ञाच्या संबंधाने सिद्ध केला आहे (४.१.३३), बायको शेजारी असल्याशिवाय यजमानाला यज्ञाला बसता येत नाही, म्हणून उत्तरकांडात रामाने अश्वमेधाला सोन्याची सीता केली. तीसुद्धा एका परीने बदली को-होस्टच. आई म्हणाली, सोन्याची कशाला, आपल्याकडे कमरेला सुपारी लावतात. बायको नसली की गुरुजी सुपारी खोचायला सांगतात आणि पूजा होते.

"मग केलीने दहा महिने सुपारी लावायला हवी होती," मी म्हटलं.

"बाईला नसते रे सुपारी," आई म्हणाली. "नवरा नसला तर बाईला पाटावरच बसवत नाहीत." मग थोडं थांबून तिने विचारलं, "पण काय रे, त्या मार्कला पगार तिच्याएवढाच देतात का?"